इंटरनेटचे नियम, बातम्या आणि देशाचे राजकारण : मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मुंबई-ठाण्यात स्थानिक बातम्यांची चॅनल चालवणारे, सोसायटीचे आणि मंडळाचे ग्रुप सांभाळणारे, निवडणुकीत प्रचाराचे काम घेणारे आणि हे सगळे मोबाइलवर पाहणारे, अशा सगळ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. कलमांचे आकडे मुद्दाम दिले आहेत. नोटीस हातात पडली की पहिला प्रश्न ‘कोणत्या कलमाखाली?’ हाच असतो, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

सभा शिवाजी पार्कवर, कायदे दिल्लीत. यात इंटरनेटचे धोरण कुठे आले?

मैदानावरची सभा मोबाइलवर कोणाला दिसेल, किती वेळ दिसेल आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक राहील का, हे चार गोष्टींवर ठरते : डेटाचा दर, प्लॅटफॉर्मची मांडणी, मजकूर हटवण्याचा सरकारचा अधिकार आणि जाहिरातीचा पैसा. चारही गोष्टींच्या मुळाशी कुठला ना कुठला नियम आहे.

२०१६ हे एकच वर्ष घ्या. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले आणि डेटा स्वस्त झाला, हे सगळ्यांना आठवते. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, मजकूर पाहून वेगवेगळा डेटा दर लावायला बंदी केली, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. नियम मोडला तर दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही मोजक्याच साइट फुकट दाखवणारी योजना भारतात त्यामुळेच गुंडाळली गेली. आज तुमच्या प्लॅनमध्ये मोठ्या वाहिनीची साइट आणि भांडुपच्या एखाद्या पोरांनी काढलेले बातम्यांचे पान एकाच दराने उघडते, ते त्या फेब्रुवारीतल्या निर्णयामुळे. त्याची किंमत आपण फार कमी ओळखली आहे.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. राजकारणावर परिणाम करणारी खरी कलमे भाषणस्वातंत्र्याच्या मोठ्या वाक्यांत सापडत नाहीत. ‘किती तासांत’, ‘कोणत्या दर्जाचा अधिकारी’ आणि ‘आदेश गोपनीय की जाहीर’ या तीन छोट्या रकान्यांत ती असतात. पुढची बरीच उत्तरे या तिन्हींभोवतीच फिरतात.

समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला येतात म्हणे. सरकार तिथूनच इंटरनेट बंद करते का?

नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर देशाच्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय केबल वर येतात हे खरे, पण एखादी साइट अडवायचे काम तुमच्या इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेत होते. व्हिडिओ किंवा पोस्ट अडवायचे काम यूट्यूब, एक्स किंवा मेटाच्या सर्व्हरवर होते. एखाद्या जिल्ह्यातले मोबाइल इंटरनेट बंद करायचे तर कंपन्यांना त्या भागातल्या टॉवरवरचा डेटा थांबवायला सांगतात. तीन वेगळी ठिकाणे; पहिल्या दोन्हींना माहिती तंत्रज्ञान कायदा लागतो, तिसऱ्याला दूरसंचाराचा कायदा.

एखादे बातम्यांचे चॅनल अचानक ‘भारतात उपलब्ध नाही’ होते. आत नेमके काय घडलेले असते?

दोन वाटा आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

पहिली वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ ची. देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी जोडलेल्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी, एवढीच कारणे तिथे चालतात. ‘बदनामी झाली’ किंवा ‘मंत्र्यांवर टीका केली’ हे कारण त्या यादीत नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे संबंधित खात्याचा नोडल अधिकारी विनंती पाठवतो, केंद्राची समिती ती तपासते, मजकूर टाकणाऱ्याला किंवा कंपनीला बाजू मांडायला किमान ४८ तास मिळायला हवेत, आणि शेवटी सचिवाची मंजुरी लागते. तातडी असेल तर नियम ९ खाली आधी बंद करतात आणि ४८ तासांत प्रकरण समितीपुढे नेतात. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ अ‍ॅप याच कलमाखाली बंद झाली.

अडचण दोन शब्दांत आहे. नियमात ‘व्यक्तीला किंवा मध्यस्थाला’ असे लिहिले आहे, मग सूचना बहुतेक वेळा कंपनीला जाते आणि ज्याचा व्हिडिओ आहे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. वर नियम १६ गोपनीयतेचा, म्हणजे आदेशाची प्रतही सहजी मिळत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६९ अ वैध ठरवले ते कारणे लेखी नोंदवायची असतात आणि न्यायालयात आव्हान देता येते, या आधारावर. आदेशच हाती लागला नाही तर आव्हान कशाला द्यायचे, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतो आहे.

दुसरी वाट त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब) ची. इथे सरकार थेट बंदी घालत नाही. ‘हा मजकूर बेकायदा आहे’ असे कंपनीला कळवते. कंपनीने तो काढला नाही तर लोकांच्या मजकुरासाठी तिला मिळणारे संरक्षण जाते. अशा सूचना पाठवण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘सहयोग’ हे पोर्टल उभारले. एक्स कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले, ते सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळले गेले. त्यानंतर नियम बदलले : १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना सहसचिव किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच पाठवायची, आणि पोलिसांकडून असेल तर खास नेमलेल्या उपमहानिरीक्षकाने. ही सुधारणा चांगली आहे, कारण आधी खालच्या दर्जाचे अधिकारीही पाठवत होते. पण फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने मजकूर काढण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आली. संध्याकाळी सातला आलेल्या सूचनेचा निकाल दहाच्या आत लावायचा तर कंपनीतला माणूस व्हिडिओ पूर्ण पाहत बसणार नाही. आधी काढून टाकेल. उपरोधाने केलेली टीका आणि खोटी बातमी यांतला फरक ओळखायला जो वेळ लागतो, तोच या मुदतीने काढून घेतला आहे.

बंदी आली आहे की नुसता बिघाड आहे, हे घरबसल्या कसे ओळखायचे?

घाईने ‘आमचा आवाज दाबला’ असे जाहीर करू नका. आधी एवढे तपासा :

१. डोमेनची मुदत, होस्टिंगचे बिल आणि साइटचे सुरक्षा प्रमाणपत्र. लहान पोर्टल बंद पडण्याची बरीच कारणे इथेच सापडतात.
२. तीच लिंक दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर आणि घरच्या फायबरवर उघडून पाहा. आदेश आला तरी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आणि आपापल्या वेळेला तो लावते. त्यामुळे एका सिमवर साइट बंद आणि दुसऱ्यावर चालू, असे दिसू शकते.
३. परदेशातल्या ओळखीच्या माणसाला उघडायला सांगा. तिथे चालते आणि इथे सगळ्या कंपन्यांवर अडते, तर संशयाला जागा आहे.
४. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा टिपा. यूट्यूबवर सरकारी आदेशाचा आणि राष्ट्रीय सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेचा उल्लेख येतो. एक्सवर ‘कायदेशीर मागणीनुसार भारतात रोखले’ अशी पाटी येते. कॉपीराइटची तक्रार असेल तर मजकूर वेगळा असतो, आणि उपायही वेगळा.

साइटच्या पत्त्यात सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असेल तर दूरसंचार विभागाच्या आदेशाची पाटी बहुधा दिसतच नाही, नुसते कनेक्शन तुटते. कारण त्या जोडणीत इंटरनेट कंपनीला स्वतःचे पान मधे घुसवता येत नाही. म्हणून ‘पाटी दिसली नाही म्हणजे बंदी नाही’ असे समजू नका.

आमच्या चॅनलचा व्हिडिओ खरोखरच सरकारी आदेशाने काढला. आता काय करायचे?

पहिल्या तासात : कंपनीचा मेल डिलीट करू नका आणि फक्त स्क्रीनशॉटवर भागवू नका. मेल मूळ रूपात, त्याच्या पूर्ण हेडरसह (तो कुठून कसा आला ही आतली माहिती) उतरवून ठेवा. व्हिडिओची लिंक, प्रसिद्धीची तारीख-वेळ, काढल्याची वेळ आणि मूळ फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर.

मग कंपनीला उत्तर लिहा. त्यात तीनच गोष्टी मागा : कलम कोणते, आदेशाचा क्रमांक व तारीख कोणती, आणि प्रत देता का. प्रत मिळणार नाही असे कळवले, तर ते उत्तरसुद्धा पुढे उपयोगी पडते. त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला, आणि बातमीचा मजकूर असेल तर माहिती व प्रसारण मंत्रालयालाही, सुनावणी मागणारे पत्र मेलने पाठवा. दीड पानापेक्षा मोठे नको. व्हिडिओतले कोणते विधान आक्षेपार्ह ठरवले ते विचारा आणि प्रत्येक विधानाचा आधार जोडा.

कंपनीच्या निर्णयाविरुद्ध दाद ऐकणाऱ्या केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जायचे का? कंपनीने स्वतःच्या धोरणाखाली मजकूर काढला असेल, किंवा तिच्या तक्रार अधिकाऱ्याने तुमची तक्रार फेटाळली असेल, तर जरूर जा. ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. सरकारी आदेशच असेल तर मात्र खरा रस्ता उच्च न्यायालयात रिट याचिका हा आहे, आपल्याकडे फोर्टमध्ये. वकिलाकडे जाताना वरचे फोल्डर, चॅनलच्या मालकीचा पुरावा आणि पाठवलेल्या पत्रांच्या पोचा घेऊन जा. पत्रच पाठवलेले नसेल तर ‘आधी दाद कुठे मागितली?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर उरत नाही.

एक चूक नेहमी होते : तोच व्हिडिओ दुसऱ्या चॅनलवर चढवणे. त्याने दुसरे चॅनलही जाते, आणि न्यायालयात तुमची बाजू लंगडी पडते.

‘६६ अ’ रद्द झाले ना? मग पोस्टवरून गुन्हे कसे दाखल होतात?

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने ती पोस्ट ‘लाइक’ केली, आणि दोघींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे कलम ६६ अ रद्द झाले. आपल्या जवळच्या एका गावातली घटना देशाचा कायदा बदलून गेली. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका.

आज गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली येतात : बहुधा कलम १९६ (गटागटांत तेढ) किंवा ३५३ (अफवा, प्रक्षोभक विधाने). एफआयआरची प्रत घेऊन कलम वाचा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात. त्या तारखेला हजर राहा. नोटिशीकडे दुर्लक्ष केले तर अटकेला कारण मिळते.

बातम्यांच्या पोर्टलला सरकारी परवाना किंवा ‘आरएनआय नंबर’ लागतो का?

नाही. तो क्रमांक छापील नियतकालिकांचा आहे. नुसत्या वेबसाइटला किंवा यूट्यूब चॅनलला तो मिळत नाही. पैसे घेऊन ‘पोर्टल रजिस्ट्रेशन’ करून देणाऱ्यांपासून लांब राहा. त्यांच्या हातचा कागद बहुधा उद्यम प्रमाणपत्राचा असतो, आणि तो कोणत्याही छोट्या धंद्याला मिळतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांत बातम्यांच्या प्रकाशकाने सुरुवातीपासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवायची आहे. ती नुसती माहिती, परवानगी नव्हे. त्याच नियमांतली प्रकाशकांसाठीची आचारसंहिता सक्तीची करणारे नियम ९(१) आणि ९(३) मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ ला स्थगित केले. याचिका ‘द लीफलेट’च्या प्रकाशकांची आणि पत्रकार निखिल वागळे यांची होती. तरीही साइटवर तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि मेल ठळक द्या. वाचकाची चूक दाखवणारी तक्रार तुमच्याकडे आली तर दुरुस्तीने मिटते, बाहेर गेली तर नोटीस होऊन परत येते.

केंद्राचे ‘फॅक्ट चेक युनिट’ चालू आहे का?

पत्र सूचना कार्यालयाचे (पीआयबी) युनिट आपल्या खात्यावर खंडन करते, ते चालूच आहे. पण २०२१ च्या त्याच नियमांतल्या एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्राच्या कामाबद्दलचा मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ ठरवण्याचा अधिकार अशा युनिटला दिला होता, तो टिकला नाही. विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आदींच्या याचिकांवर ३१ जानेवारी २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे मत विभागले. मार्चमध्ये केंद्राने युनिट अधिसूचित केले आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. म्हणून कोणी ‘पीआयबीने फेक म्हटले, आता काढावेच लागेल’ असे सांगितले तर घाबरू नका. बातमीचा आधार पुन्हा तपासा, चुकले असेल तर दुरुस्त करा.

मी सोसायटीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. दुसऱ्याच्या मेसेजसाठी मला धरतात का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दाखवावा लागतो. कायद्याने एवढे संरक्षण आहे. जबाबदारी मात्र कायद्यापुरती नसते.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात ‘मुले पळवणारी टोळी’ या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जातो. ही बंधने उपयोगी आहेत, पण त्यांची पळवाट सोपी आहे : व्हिडिओ गॅलरीतून पुन्हा पाठवला किंवा मजकूर कॉपी करून चिकटवला की बाणही जातो आणि मर्यादाही. म्हणून बाण नसलेला मेसेज ताजा किंवा खरा आहे असे मानू नका.

अ‍ॅडमिनच्या हातात असलेल्या गोष्टी : तणावाच्या दिवशी ‘मेसेज फक्त अ‍ॅडमिन पाठवतील’ ही सेटिंग चालू करणे, नवा सदस्य मंजुरीनेच घेणे, घातक मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करणे. डिलीट करण्याआधी पाठवणाऱ्याचे नाव, वेळ आणि बाण दिसेल असा स्क्रीनशॉट मात्र घ्या. आणि गुपचूप डिलीट करून थांबू नका. ‘हा व्हिडिओ जुना आहे, आपल्या भागातला नाही’ अशी एक ओळ त्याच ग्रुपवर लिहा. ज्यांनी तो आधीच पाहिला त्यांच्यापर्यंत खुलासा पोचायला दुसरा मार्ग नाही.

निवडणुकीत फेसबुक-यूट्यूबवर जाहिरात करायची तर कोणाची परवानगी?

पैसे भरून केलेल्या राजकीय जाहिरातीला जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीचे, म्हणजे सगळे म्हणतात त्या एमसीएमसीचे, पूर्वप्रमाणपत्र लागते. टीव्ही, केबल, रेडिओ, चित्रपटगृह, ई-पेपर, सोशल मीडिया, एकगठ्ठा एसएमएस आणि रेकॉर्ड केलेले फोन, सगळे यात आले. उमेदवाराने स्वतःच्या खात्यावर विनापैसे टाकलेल्या पोस्टला पूर्वप्रमाणपत्र लागत नाही. आचारसंहिता मात्र तिलाही लागू आहे.

अर्ज नोंदणीकृत पक्षाने आणि उमेदवाराने प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी, इतरांनी ७ दिवस आधी द्यायचा. सोबत जाहिरातीच्या दोन डिजिटल प्रती, साक्षांकित संहिता (जाहिरातीतल्या शब्दांची लेखी प्रत), निर्मितीचा खर्च, प्रसारणाचा अंदाजे खर्च आणि रक्कम चेक किंवा ड्राफ्टने देणार असल्याचे निवेदन. अर्ज अडतो तो जास्त करून संहितेवर : व्हिडिओत एक वाक्य आणि कागदावर दुसरे. शेवटच्या क्षणी एडिट केले की संहिता पुन्हा टाइप करा. १० आणि ३० सेकंदांच्या आवृत्त्या असतील तर दोन्ही दाखवा. लोकसभा-विधानसभेला मुंबई शहर जिल्ह्याचे काम फोर्टच्या जुन्या जकात घरातून आणि उपनगरचे वांद्र्यातून चालते. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची असते, तेव्हा नमुना आणि पत्ता त्या वेळच्या आदेशातूनच घ्या.

खर्चात जाहिरातीचे बिलच नाही, मजकूर तयार करणाऱ्यांचे मानधन आणि खाती सांभाळणाऱ्या टीमचा पगारही धरायचा असतो. महाराष्ट्रात उमेदवाराची मर्यादा २०२२ पासून लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. खरे भगदाड हे आहे : उमेदवाराचे नाव न घेता, भलत्याच नावाच्या पेजवरून केलेली जाहिरात कोणाच्याच हिशेबात येत नाही. भिंतीवरच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे छापावेच लागते. पेजमागच्या पैशाला तेवढीच कडक अट असायला हवी.

अशा पेजमागे कोण आहे, हे सामान्य माणसाला पाहता येते का?

काही प्रमाणात. मेटाच्या ‘अ‍ॅड लायब्ररी’त देश भारत आणि प्रकार ‘निवडणूक किंवा राजकारण’ निवडून पेजचे नाव टाका. जाहिरात कोणाच्या पैशाने आहे ती ओळ, खर्चाचा पट्टा, वय आणि राज्य दिसते. राजकीय जाहिराती तिथे सात वर्षे राहतात. गूगलचे वेगळे पारदर्शकता पान आहे. मतदारसंघ दिसत नाही, महाराष्ट्र एवढेच दिसते; तेव्हा ‘धारावीत एवढे लाख ओतले’ अशी बातमी त्यावरून करू नका. नोंद करताना लायब्ररीतला जाहिरातीचा क्रमांक लिहा. पेजचे नाव बदलते, क्रमांक बदलत नाही. पेजच्या माहितीत जुनी नावेही दिसतात. एकेकाळचे विनोदांचे किंवा भक्तिगीतांचे पेज मतदानाआधी महिनाभर राजकीय झालेले तिथेच कळते.

उमेदवाराचा बनावट आवाज किंवा व्हिडिओ फिरू लागला तर?

मूळ फाइल आणि पहिली लिंक पकडा, मग तीन ठिकाणी एकाच वेळी जा : प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे (तोतयेगिरी म्हणून, ही तक्रार सर्वांत वेगाने हलते), निवडणूक अधिकाऱ्याकडे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे. निवडणूक आयोगाच्या मे २०२४ च्या सूचनेप्रमाणे पक्षांनी असा मजकूर लक्षात आल्यापासून ३ तासांत काढायचा असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने एआयने केलेल्या प्रचारावर ठळक लेबल मागितले : दिसणाऱ्या भागाच्या किमान १० टक्के, आणि आवाज असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात.

पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. फाइलचा हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा), शक्यतो ‘शा-२५६’ पद्धतीचा, फाइल मिळाल्याबरोबर काढून कागदावर लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, त्यामुळे हॅश जुळत नाही. देताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या.

इंटरनेट बंदीचा आदेश कोण काढतो?

राज्यात गृह सचिव. दूरसंचार सेवा थांबवण्याबाबतच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे एक आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, तो जाहीर करावा लागतो आणि आढावा समितीपुढे जातो. जाहीर करण्याचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात धरला. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून तणाव झाला तेव्हा अशी बंदी आली होती. आदेशात कारण, भाग आणि कालावधी शोधा. तिन्हींपैकी एक नसेल तर तीच बातमी आहे. फोन आणि साधा एसएमएस बहुधा चालू असतात, तेव्हा बातमीदाराने मजकूर फोनवर सांगून लिहून घ्यायची जुनी पद्धत विसरू नये.

नव्या डेटा कायद्याने माहिती अधिकारावर काय परिणाम झाला?

मोठा, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारताना ‘व्यापक जनहित असेल तर द्यावी’ अशी सोय होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ती त्या पोटकलमातून गेली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागू आहे. जनहिताचा मुद्दा कलम ८(२) मध्ये अजून शिल्लक आहे. म्हणून अर्जातच ८(२) चा उल्लेख करा आणि जनहित दोन वाक्यांत लिहा. ‘अधिकाऱ्याची सगळी माहिती’ मागू नका. काम, रक्कम, तारीख आणि फाइल क्रमांक मागा, नाव आपोआप येते.

नव्या नियमांच्या मसुद्यावर आपले मत खरेच कोणी वाचते का?

२०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे सगळ्या साइटना सारखीच वागणूक देण्यावर, ट्रायला दहा लाखांहून अधिक मेल गेले, आणि पुढच्या फेब्रुवारीतला निर्णय वर सांगितलाच आहे. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असे केंद्राचे २०१४ चे धोरण आहे. मुदत कमी असेल तर पहिल्याच मेलमध्ये वाढ मागा. मत मराठीत पाठवायला हरकत नाही. नियमाचा क्रमांक, त्यातले खटकणारे शब्द, त्याने होणारे नुकसान उदाहरणासह आणि तुम्ही सुचवलेले शब्द, असे चार भाग ठेवा. एकच छापील मजकूर शंभर जणांनी पाठवला तर तो एकच मुद्दा म्हणून नोंदला जायची शक्यता जास्त. प्रत्येकाने आपल्या कामातले एक उदाहरण घाला.

मत देण्यासाठी वेगळा ईमेल पत्ता वापरा. २०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रायने आलेली मते साइटवर ठेवली, तेव्हा पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही सोबत उघडे पडले होते.